हिरड्याचा भाव

नव्वदच्या दशकात रुपया घसरला, तेव्हा धसईच्या बाजारात माझे किराण्याचे दुकान होते. सिद्धगडच्या पायथ्याची एक बाई दर बाजाराला वाळवलेला हिरडा आणून घाली आणि त्याच्या बदल्यात तेल नेई. तिचे नाव मी कधी विचारले नाही. बाटलीचे तोंड पदराने पुसल्याशिवाय ती पुढे करीत नसे.

त्या दिवशी ती म्हणाली, "शेट, पुरी भरा. उद्या पोरीला बघाया पावनं येनार हायेत."

मी अर्धीच भरली. "डॉलर चढलाय, बाई. हे तेल परदेशातून येतं."

"आन् आमचा हिरडा कुठं जातो?"

"तोही परदेशातच," मी बेसावधपणे बोलून गेलो.

"मंग त्याला नाय लागत डॉलर? का तुमच्या गल्ल्यात आला का तितंच बसतो?"

तेलाचे मागचे डबे मी जुन्याच भावाने घेतले होते आणि हिरड्याला शहरात मिळणारा चढा भावही मला ठाऊक होता.

"घ्यायचं तर घ्या," मी म्हणालो.

पाहुण्यांसमोर काहीतरी तळून ठेवायचे, तर तिला ते घ्यावेच लागणार होते. त्याच भरवशावर मी तसे बोललो होतो. तिने अर्धी बाटली उचलली.