खांड बुजेपर्यंत

मी बी.ए. झालो त्याच वर्षी आईची गर्भपिशवी काढली. ऑपरेशन पनवेलच्या एका छोट्या दवाखान्यात झालं. आठव्या दिवसापासून तिचं अंथरूण भिजायला लागलं. लघवी नेहमीसारखी होई, तरी लुगडं ओलंच.

डॉक्टरांनी तिच्या मूत्राशयात निळं औषध सोडलं आणि खाली कापसाचा बोळा ठेवला. तासाभराने काढला तर बोळा चिंब, पण पांढराशुभ्र. बाबांना बरं वाटलं. "डाग नाय पडला," ते म्हणाले. डॉक्टर मात्र मटकन खुर्चीत बसले. निळं आलं असतं तर मूत्राशयाला भोक होतं. पांढरं आलं, म्हणजे मूत्रपिंडातून खाली येणारी नळीच ऑपरेशनमध्ये कापली गेली होती.

"माझ्याच हातून झालं," ते म्हणाले. "तीन महिने थांबू. सूज उतरली की मुंबईचे मोठे सर्जन नळी मूत्राशयाला नव्याने जोडतील. नाही जोडली तर ते मूत्रपिंड जाईल."

"मुंबई कशाला?" आई म्हणाली. "तुमीच बुजवा, डागदर."

आमचं मिठागर. खाडीच्या बांधाला ज्याच्या फावड्याने खांड पडेल, म्हणजे भगदाड, त्याने ते बुजेपर्यंत पाण्यात उभं राहायचं, असा आमच्याकडचा रिवाज. एकदा माझे काका भरतीत गळ्यापर्यंत उभे होते. काकूने त्यांना भाकरी तिथेच भरवली.

"बाई, मला हे ऑपरेशन येत नाही हो."

"कापाला आलं नं?"

"ते चुकून आलं."

घरातला पहिला ग्रॅज्युएट म्हणून समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं. माझा विषय इतिहास. शिवाय माझ्या फीमाफीच्या अर्जावर याच डॉक्टरांची सही होती, त्यामुळे मला नीट रागावताही येईना. मी पाटीवर दोन मूत्रपिंडं आणि दोन नळ्या काढल्या. आईने बोटाने एक नळी मध्येच पुसली. "ही फुटलीय. चित्रात धड कशी?"

शेवटी तोड निघाली. जोडायचं मुंबईच्या सर्जननी, पण आमच्या डॉक्टरांनी शेजारी उभं राहायचं.

ते तीन महिने आई फडक्यांच्या घड्यांवर बसून राहिली. सख्ख्या भाचीच्या लग्नालाही गेली नाही. डॉक्टर दर आठवड्याला सायकलवरून येत. आई चहा पुढे करून एकच विचारी, "याल नं?"

ते आले. वयाने लहान असलेल्या सर्जनच्या हाताखाली, जखमेच्या कडा ओढून धरत, तीन तास उभे राहिले.

दहाव्या दिवशी आईचं अंथरूण कोरडं निघालं. तिने ते दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. नळीबद्दल तिने काहीच विचारलं नाही.

"डागदर उभे होते?"

"होते."

"मधी बसले नाय ना?"

"नाही."

"मग सांग त्यांना, आता पाण्यातून निघा म्हणावं."

पनवेलला येऊन मी निरोप जसाच्या तसा सांगितला. डॉक्टर टेबलामागे उभे होते. ऐकलं आणि खाली बसले.