जादूगाराच्या घरातली उलटी चप्पल

आई बेळगावला माझ्याकडं आली ती एक पिशवी घेऊन. पिशवी उघडायच्या आधीच तिनं सांगून टाकलं, की रविवारी अण्णा न्यायला येणार. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, निपाणीला असतो. मला मात्र ती कायमची राहायला हवी होती. तंबाखूच्या वखारीत खोकत खोकत काम करून तिनं मला बी.कॉम. केलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि बेळगावात स्वतःच्या पगारावर फ्लॅट घेतलेली पण मीच पहिली. हे मी लाजून नाही, मिरवूनच सांगते. त्या फ्लॅटमध्ये आईनं आता नुसतं बसून खावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

पण बसणं तिला जमेना. मालिकेतल्या बायका दागिने घालून झोपतात हे बघून तिनं टीव्ही सोडला. मग एका संध्याकाळी मी लॅपटॉपवर माझा खेळ लावला. ऑफिसातून आल्यावर डोकं शांत करायला मी तो खेळते. त्यात एक विसरभोळा जादूगार आहे आणि त्याचं चष्मा लावणारं मांजर. मांजर शिंकलं की घरातल्या वस्तू उडून भलत्याच ठिकाणी जाऊन बसतात. चित्रात सगळा पसारा, खाली वस्तूंची यादी. यादीतल्या वस्तू पसाऱ्यातून शोधून काढायच्या, की गोष्ट पुढं सरकते. यादी इंग्रजीत, म्हणून मी वाचून सांगायची आणि आईनं शोधायचं असं ठरलं. माऊस धरायला ती पटकन शिकली.

पहिली वस्तू होती चांदीची किल्ली. आईनं किल्ली सोडली आणि दारात उलटी पडलेली चप्पल दाबली. यादीत नसलेलं दाबलं की मांजर शिंकतं आणि चित्रावर धुकं येतं. तसं ते आलं. मी म्हटलं, आई, किल्ली शोधायची.

"शोधती की. आधी ती चप्पल सुलटी कर म्हणावं. भांडणं लागतील त्यांच्या घरात."

मग कोपऱ्यात डोक्यावर उभी केलेली केरसुणी तिला दिसली. तीही यादीत नव्हती. मांजर पुन्हा शिंकलं. पुढच्या खोलीत एक रिकामा पाळणा आपोआप हलत होता. खेळ बनवणाऱ्यांना ते गमतीचं वाटलं असणार. आईचा चेहराच उतरला. रिकामा पाळणा हलू द्यायचा नाही म्हणून ती त्याच्यावर माऊस दाबत राहिली, आणि मांजराला शिंका आवरेनात. मी हसून हसून पलंगावर आडवी झाले. यादीतली एकही वस्तू सापडली नव्हती. शेवटी हसता हसताच म्हटलं, "राहू दे गं आई. ते काय आपलं घर हाय?"

तिनं माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"तिथं बी राहू दे, हितं बी राहू दे. भांड्याला हात लावला की राहू दे, केर काढाय गेलं की राहू दे. पावनी हाय का गं मी? पावन्यानं चार दिवस ऱ्हावं नि जावं."

माझं हसू थांबलं. तिला आराम देतेय असंच मी समजून चालले होते. आणि तिची परत जायची घाई कशासाठी, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला निघताना मी चपला घालत घालत सांगितलं, की स्वयंपाकघर तुला पाहिजे तसं लाव. तिनं कणकेचा डबा कुठला तेवढं विचारलं.

संध्याकाळी येऊन बघते तर स्वयंपाकघर ओळखू येईना. ताटं खाली गेलेली, कुकर वर चढलेला, पोळपाट ओट्याशेजारी भिंतीला टेकलेला. माझ्या एकसारख्या काचेच्या बरण्या हौसेनं मागवलेल्या, प्रत्येकीवर इंग्रजी नावाची चिठ्ठी. आईला इंग्रजी वाचता येत नाही आणि त्या चिठ्ठ्यांचं तिला काही देणंघेणंही नव्हतं. रोज लागतं ते पुढं, कधीमधी लागतं ते मागं, असा तिचा हिशोब. मी चहा ठेवला, शुगर लिहिलेली बरणी काढली आणि न बघता चमचा भरला. वास आला म्हणून वाचले. आत कांदा-लसूण चटणी होती.

मग मी साखर शोधायला लागले. कॉफीच्या बरणीत शेंगदाणे, ओट्सच्या बरणीत तुरीची डाळ. लायटरही दिसेना. आई दारात स्टूल टाकून बसली होती आणि पदर तोंडाला लावून बघत होती. मी तिच्याकडं बघितलं, तर ती छताकडं बघायला लागली. चहा उकळून उकळून काळा झाला.

तेवढ्यात अण्णाचा फोन आला, रविवारी किती वाजता येऊ म्हणून. आईनं तो उचलला.

"येऊ नको रं," ती म्हणाली. "हिला हिच्याच घरात साखर घावंना झालीया. मी तिकडं आल्यावर हिला कोण दावायचं?"