सात नंबरची बाटली

प्रयोगशाळेत सगळे तिला बाटलीमावशी म्हणत. बावीस वर्षं ती तिथली काचेची भांडी घासत होती, आणि तिथल्या निम्म्या लोकांच्या डोक्यांपेक्षा आपल्या बाटल्या स्वच्छ असतात, असं तिचं ठाम मत होतं. तिची रीत एकच. घासलेल्या बाटलीत शुद्ध पाणी फिरवायचं. पाणी सलग पसरलं तर बाटली पास. थेंब थेंब होऊन अडकलं तर पुन्हा घासा.

प्रयोगशाळेच्या साहेबांनी दोन वर्षं खपून एक सेन्सर केला होता. नखाएवढी काचेची चकती, तिच्यावर डोळ्याला न दिसणारे चांदीचे कण. त्यावर लघवीचा थेंब टाकायचा आणि लेसरचा उजेड सोडायचा. किडनीच्या आजाराची खूण थेंबात कणभर जरी असली, तरी चांदीमुळे तिचा उजेड लाखो पटींनी वाढतो आणि संगणकावरच्या आलेखात सुळका उभा राहतो. हे सांगताना साहेब असे हातवारे करत, की चांदीचा शोधही जणू त्यांनीच लावला होता.

ताडून बघायला निरोगी माणसांचे नमुने हवे होते, म्हणून कर्मचाऱ्यांच्या हातात बाटल्या टेकवल्या. नावं गुप्त, फक्त नंबर. पण नंबर चिकटवले होते मावशीनेच. त्यामुळे सोमवारी चष्मेवाली संशोधक मुलगी "अगंबाई, सात नंबरचं काही खरं नाही" असं पुटपुटली, तेव्हा मावशीच्या हातातला ब्रश बेसिनमध्ये पडला. सात नंबर तिचा होता.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तीस वर्षं मिठावरून आणि पंख्यावरून डोकं उठवणारा हा माणूस एकदम गोड बोलायला लागला. "तू बस गं," म्हणाला आणि स्वतः भांडी घासायला उठला. तेव्हा मात्र मावशीला कळून चुकलं: हा भांडी घासतोय, म्हणजे आपलं आता संपलंच. ती घाबरली, अगदी मनातून घाबरली.

मंगळवारी ती थेट चष्मेवालीसमोर जाऊन उभी राहिली. "सात नंबर मी आहे. किती दिवस उरलेत?"

"अहो मावशी, असं नसतं! डॉक्टरांकडून नीट तपासून..."

"ते करीनच. पण बाकीचे सगळे ठणठणीत, आणि मीच कशी सापडले?"

"बाकीचे शुक्रवारीच झाले. तुमचा तेवढा काल, नव्या चकत्यांवर." मुलगी जरा घुटमळली. "साहेबांनी त्या प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवल्यात. काचेच्या बश्या घासत बसायला नकोत म्हणून."

मावशीचं टाळकं सरकलं. "त्यांच्यावर आधी नुसतं पाणी टाकून बघितलंस?"

मुलीने नकारार्थी मान हलवली. गुरुवारी सेन्सर बघायला पाहुणे येणार होते, म्हणून पाण्याची चाचणी साहेबांनीच गाळायला लावली होती.

पाण्याचा थेंब टाकला. लेसर सोडला. सुळका उभा राहिला, मावशीच्या सुळक्याएवढाच उंच. डब्याच्या प्लॅस्टिकमधलं काहीतरी चांदीला जाऊन चिकटलं होतं. साहेब धावत आले आणि पडद्याकडे बघत राहिले.

"साहेब, पाण्याची किडनी गेली," मावशी म्हणाली. "नातेवाइकांना कळवायचं का?"

मुलीने मावशीचा नमुना काचेच्या बशीतल्या जुन्या चकतीवर पुन्हा तपासला. सुळका गायब. मावशी आधी हसली, मग स्टुलावर बसून चांगली दहा मिनिटं रडली. साहेबांनी स्वतः बश्या शोधून आणल्या, आणि त्या परत घासायला तिच्याच पुढ्यात ठेवल्या.

ही गंमत नवऱ्याला रविवारपर्यंत सांगायची नाही, चार दिवस ऐश करायची, असं तिने वाटेत ठरवलं होतं. पण त्याने दार उघडलं तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. तिने चप्पल काढायच्या आत सगळं सांगून टाकलं.

तो मटकन खाली बसला. बाहीने तोंड पुसलं. मग म्हणाला, "तुमच्या त्या साहेबाला अक्कल आहे का? दोन दिवस मी भांडी घासतोय इथे!"

"घासलीस म्हणे," मावशी म्हणाली. त्याने घासलेला पेला तिने उचलला, त्यात पाणी फिरवलं आणि उजेडात धरला. जिकडेतिकडे थेंब अडकले होते.

तिने तोच पेला भरला आणि पाणी पिऊन टाकलं.