मिस्त्रीकाकांचा शो

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकांना सगळे मिस्त्री म्हणतात. मूळचे शेलार गावचे. तीस वर्षांच्या वर पॉवरलूमवर फिटरचं काम केलं, तेही एकाच मालकाकडे. पुढे मालकाने लूम विकले, काका घरी बसले, आणि हे दोघे दर रविवारी दुपारी पत्ते खेळायला समोरासमोर बसू लागले. ते मालक म्हणजे चाचा. जुन्या कोकणी मुसलमान घरातले, बोलताना मराठीतून हिंदीत कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. काका त्यांना अजून शेठच म्हणतात. तिसऱ्या काकू. चौथा हात कमी पडत होता म्हणून एका रविवारी काकूंनी मला जिन्यात गाठलं.

"बाई, पत्ते येतात का?"

मी शाळेत शिकवते, त्यामुळे सगळ्यांची बाईच आहे. म्हटलं, रमी येते.

"मग हे पन येल."

हे म्हणजे पोकर. चाचांचा मुलगा दुबईहून सुट्टीवर आला तेव्हा शिकवून गेला होता. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून, मध्ये पाच पत्ते उघडे, आणि या सातांतून ज्याचे पाच सगळ्यात भारी, तो जिंकला. पैसे नाहीत. चाचांना जुगार चालत नाही. डाव लावायचा तो शर्टाच्या बटणांवर. खेळ संपला की बटणं परत डब्यात.

रविवारी खालच्या गल्लीतले लूम चालू असतात, इथे सुट्टी शुक्रवारची. त्या खटखटाटात आम्ही खेळायचो. खेळ चाचांच्या मुलाने शिकवलेला, पण शोचे, म्हणजे शेवटी पत्ते उघडण्याचे, नियम काकांचे. ज्याने शेवटची बोली वाढवली त्याने आधी उघडायचं. दोन्ही पत्ते उघडायचे, सतरंजीवर, सगळ्यांना दिसतील असे. तोंडाने 'माझी जोडी आहे' वगैरे सांगायचं नाही, पत्ते काय ते दिसतात. दुसऱ्याच्या पत्त्याला हात लावायचा नाही. आणि हरलेल्याने न दाखवता पत्ते टाकले, तर ते उलटून बघायचे नाहीत. "त्याचं त्याला र्‍हाऊ द्या," काका म्हणायचे.

पहिल्याच वर्षी मी एकदा त्यांच्या तावडीत सापडले. चाचांनी पाच बदाम दाखवले होते आणि खुशीत बटणांकडे हात नेला होता. माझ्या हातातल्या दोन राण्या मधल्या पत्त्यांशी जुळून तीन राण्या आणि दोन अठ्ठ्या होत होत्या, म्हणजे डाव माझाच. पण मी एकच राणी खाली ठेवली, लांब उसासा टाकला, "गेलं वाटतं" म्हणाले, आणि चाचा बटणं ओढायला लागल्यावर दुसरी राणी हळूच ठेवली. मला हसू आवरेना. काकूही हसल्या. काका हसले नाहीत.

"बाई, तुमाला आधीच म्हाईत व्हतं ना जिंकल्या म्हनून?"

"हो."

"मग त्या मानसाला ताटकळत कशाला ठेवलं?"

"अरे छोड ना मिस्त्री," चाचा म्हणाले, "बटनंच तर आहेत."

"बटनं असू देत. मानूस हाय ना समोर."

माझा चेहरा उतरला. वर्गात मी मुलांना जे सांगते, तेच मला कुणीतरी सांगत होतं. त्यानंतर मी जिंकले की लगेच दोन्ही पत्ते खाली ठेवू लागले.

तीनेक वर्षं गेली आणि काकांच्या उजव्या हाताला कंप सुटला. मग डाव्यालाही. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आधी त्यांनी पिसणं सोडलं, मग वाटणं. पत्ते धरता यायचे, पण सतरंजीवरचा पत्ता नखाने उचलून पालथा करायचा म्हणजे त्यांची बोटं पत्त्याच्या आजूबाजूलाच फिरत राहायची. आम्ही इकडेतिकडे बघायचो. काकू कपबशा आवरायच्या.

मग माझ्या लक्षात आलं की काका आताशा शोमध्ये जिंकतच नाहीत. शेवटपर्यंत बोली वाढवत न्यायचे आणि उघडायची वेळ आली की पत्ते झाकलेलेच पुढे ढकलायचे. "तुमचं," एवढंच म्हणायचे.

एकदा काका आणि मी दोघंच उरलो. मध्ये दोन एक्के उघडे होते. माझ्याकडे त्यांच्या जोडीला दोन पंज्या, म्हणजे विशेष काही नाही. शेवटची बोली काकांची, आधी उघडायचं त्यांनी. त्यांनी हाताकडे पाहिलं आणि पत्ते ढकलले. मी ते गोळा करायला गेले, तर एक पत्ता सतरंजीच्या दुमडीला अडकून उलटला. बदामाचा एक्का. तीन एक्के होते त्यांच्याकडे. मी पटकन तो गड्डीत घातला. बाकी कुणी पाहिलं नव्हतं, किंवा तसं दाखवलं नाही.

जिन्यात मी चाचांना सांगितलं. ते कठड्याला धरून थांबले.

"मला माहीत आहे, बाई. दीड-दोन महिने झाले. आम्हाला थांबायला लागू नये म्हणून हरतो तो." मग म्हणाले, "माझ्या शेडमध्ये चोवीस लूम होते. हा दारात उभा राहून नुसत्या आवाजावरून सांगायचा, सातव्या लूमचा धोटा घासतोय. आणि चालू लूमच्या आत हात घालून नट पिळायचा. मी नजर फिरवायचो. मला बघवायचं नाही."

पुढच्या रविवारी शेवटी काका आणि चाचा उरले. मध्ये राजा, राणी, दोन नव्व्या आणि एक दुर्री. काकांनी बोली वाढवली, चाचांनी तेवढी बटणं भरली. काकांनी पत्ते ढकलायला हात पुढे केला.

"थांब. दाखव," चाचा म्हणाले.

शेवटपर्यंत भरणाऱ्याला पत्ते बघायचा हक्क असतो, हे चाचांच्या मुलाने सांगितलं होतं. पण तो हक्क मागणं म्हणजे समोरच्यावर अविश्वास दाखवणं. इतक्या वर्षांत आमच्यात तो कुणीही मागितला नव्हता.

"शेठ, तुमचं म्हनतोय ना मी."

"मी भरलंय. मला बघायचंय."

काकांचा चेहरा लाल झाला. काकू अर्ध्या उठल्या. "मी उलटते."

"हात लावू नको."

त्या बसल्या. काकांनी पहिल्या पत्त्याच्या कडेला अंगठा लावला. तो सुटला. पुन्हा लावला. पत्ता सरकत सरकत गुडघ्यापाशी आला. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं, पण डावा हातही थरथरत होता, तेव्हा दोन्ही हात सतरंजीवर टेकले आणि डोळे मिटून थोडा वेळ तसेच बसले. या हातांनी चालत्या यंत्रात नट पिळले होते, आणि आता तेच हात कागदासारख्या पातळ पत्त्याशी झुंजत होते आणि हार मानत नव्हते. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. चाचांनी एकदाही नजर फिरवली नाही.

नव्वी. मग, तेवढाच वेळ घेऊन, राणी.

तीन नव्व्या, दोन राण्या. चाचांनी आपले दोन्ही पत्ते, राजा आणि तिर्री, उघडे करून बाजूला ठेवले आणि सगळी बटणं दोन्ही हातांनी काकांकडे सरकवली.

काकांना घाम आला होता. "ताटकळत ठेवलं तुमाला."

"तू नाही ठेवलंस," चाचा म्हणाले. "मी थांबलो."

काका काकूंना म्हणाले, "वाट पुढचा."

त्या दिवसापासून काका प्रत्येक वेळी उघडतात. आम्ही थांबतो. मी इतकी वर्षं वर्गात गप्प बसा म्हणत आले, पण चार माणसं मिळून अशी गप्प बसू शकतात हे मला त्या सतरंजीवर कळलं.

गेल्या महिन्यात काकांनी बोली इतकी चढवली की काकू आणि मी लगेच पत्ते टाकले. चाचा बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत बसले. त्या हातांवरून आता काहीच ओळखता येत नाही. शेवटी चाचांनी भरलं. काका उघडायला लागले. पहिला पत्ता, सत्ती. आम्ही थांबलो. दुसरा आणखी सावकाश उलटला, चौकी. मधल्या पत्त्यांशी कशाचाच काही संबंध नव्हता.

"एवढ्यासाठी बसवलंस मला?" चाचा ओरडले.

"नियम हाय ना, शेठ. आधी मीच उघडायचं," काका म्हणाले, आणि इतके हसले की काकूंना त्यांच्यासमोरची चहाची बशी उचलून घ्यावी लागली.