आवळलेले दात

तोंड उघडताना कानापाशी कळ यायची, जांभईसुद्धा अर्ध्यावर अडायची. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसा काम करताना दात आवळता का?"

"छे!" मी ठामपणे म्हणाले.

"तरी लक्ष ठेवा. खाणं सोडलं तर वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायला नकोत. जबड्याच्या सांध्यावर ताण येतो."

काल मी अंगणात रांगोळी काढत होते. मावशीला पाठवायचा म्हणून माझ्या लेकीनं, मुक्तानं, मोबाइलवर व्हिडिओ घेतला. पायरीवर बसून तो पाहिला आणि मी हादरलेच. ठिपके जोडणाऱ्या त्या बाईनं दात असे आवळले होते, की नुकतीच कुणाशी कडाकडा भांडून आली असावी. कानाखालचा स्नायू टरारून वर येत होता. आणि मला आठवत होतं, तेव्हा मी किती मजेत होते! आपला चेहरा दिवसभर सगळ्यांना दिसतो. दिसत नाही तो फक्त आपल्याला.

"अगं, मी अशी दिसते?"

"नेहमीच," मुक्ता सहज म्हणाली. "पोळ्या लाटताना, वाचताना. तू चिडली आहेस असं वाटतं. मग काही सांगायला आले तरी मी तशीच परत जाते."

ही पोर किती वेळा दारापर्यंत येऊन माघारी गेली असेल?

मी दात सुटे केले. गाल सैल सोडले.

"शेवटचं काय सांगायला आली होतीस?"

मुक्तानं मोबाइल बाजूला ठेवला आणि माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसली.