वाघोबाच्या जागेवर चिंचोका पडला नाही

करंजपाड्यात यशोदा वरठाचं घर कुठे म्हणून विचारलंत, तर माणूस आधी जरा हसेल आणि मग वाट दाखवेल. हसेल तो तिच्या तोंडाला. सातिवलीच्या कारखान्यांपैकी एका गाळ्यात ती पॅकिंगला जाते. तिथल्या सुपरवायझरला तिने एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं, "घरी आयेशी पन असाच बोलतोस काय रे?" काम गेलं. मग आठवड्याभरात त्यानेच निरोप धाडून तिला परत बोलावलं, कारण तिच्याइतका चपळ हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. नवरा नथू अगदी उलटा. बिचारा दिवसभरात बोलेल त्याहून जास्त ती चहाचं आधण येईपर्यंत बोलते.

पण हीच बाई लग्नघरी गेली की गप्प होते. कामणपासून चिंचोटीपर्यंत कुठेही लग्न असो, चौक लिहायला सवासिनींमध्ये यशोदा हवीच. हो, चौक काढत नाहीत, लिहितात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने ती चौकट ओढते, आत देवी बसवते, बाजूला चंद्र, सूर्य, झाडं. पीठ म्हणजे काही रंग नव्हे. पिठाने देव लिहिला की देव तिथे येऊन बसतो, मग त्याला हाताचा धक्का लागू द्यायचा नाही आणि त्याच्यावर काही टाकायचंही नाही. हे पाड्यात कुणी कुणाला शिकवत नाही. पोरं चालायला लागतात तसं आपोआप कळतं.

आता पाड्याचं दुखणं सांगतो. पाड्याच्या वरच्या अंगाला वाघोबाची जागा आहे. उभा दगड, त्यावर शेंदूर, भोवती चार ऐनाची झाडं. त्याच्या पायथ्याशी झिरा आहे. उन्हाळ्यात सगळीकडचं पाणी आटलं तरी हा झिरा वाटीवाटीने का होईना पाणी देतो. म्हणजे द्यायचा. चार वर्षांपूर्वी कुणीतरी टेम्पो भरभरून निळे ड्रम आणून वाघोबाच्या मागच्या घळीत ओतायला लागलं. कुठल्या गाळ्यातले, कुणाचे, कुणाला पत्ता नाही. ड्रम फुटले, आतलं काहीबाही मातीत मुरलं, आणि झिऱ्याच्या पाण्याला वास येऊ लागला. यशोदाच्या नातीच्या, रिद्धीच्या पायांवर फोड उठले ते आजतागायत जात नाहीत. मलम लावलं की सुकतात, पुन्हा येतात. यशोदा रात्रंदिवस त्या पोरीच्या पायांकडे बघून जळायची. झिरा साफ झाला पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

तर गेल्या वर्षी सरकारने ठरवलं की टाकलेला कचरा उचलायचा. कुठला आधी, हे ठरवताना तालुक्याच्या कचेरीचं मत घ्यायचं आणि आदिवासी पाड्यांचंही. त्यासाठी एका संस्थेची सुमेधा नावाची मुलगी पाड्यावर आली. राहणारी वसईची, वागायला साधी, चपला बाहेर काढून बसणारी. तिने समजावलं, "पावसाळ्याआधी तुमच्या भागातली एकच जागा होणार आहे. कुठली, ते तुम्ही सांगायचं. मोठ्या माणसांनी बोलायचं आणि बाकीच्यांनी माना हलवायच्या, असं नको. जमिनीवर पाड्याचा नकाशा काढू. प्रत्येकाला मूठभर चिंचोके. जी जागा आधी साफ व्हावी असं वाटतं तिथे टाकायचे."

कल्पना वाईट नव्हती हो. नकाशा कोण काढणार म्हणताच सगळ्यांनी यशोदाकडे बघितलं. सुमेधा खूश झाली. "यशोदाताई, तुमच्या पद्धतीनेच काढा. फोटो छान येतील."

आणि यशोदा फुलली. खोटं कशाला सांगू? गाळ्यातल्या बाईला कुणी ताई म्हणून तिची कला मागत नाही. तिने अंगण सारवलं, पीठ कालवलं आणि बसली. रस्ता काढला, शाळेमागचा नाला काढला, धबधब्याला येणारे लोक जिथे बाटल्या-पिशव्या टाकून जातात ते वळण काढलं, भाताच्या खाचरात कुणीतरी ओतलेलं पाडकामाचं डेब्रिज काढलं. मग घळीपाशी आली. तिथे नुसते ड्रम काढून भागलं असतं. पण हात सवयीने पुढे गेला. तिने वाघोबा लिहिला, वर चंद्र लिहिला, सूर्य लिहिला आणि भोवती चौकट ओढून टाकली.

सुमेधाने फोटो घेतले. चिंचोके वाटले.

एकेक जण उठला. म्हातारा आत्माराम, पाड्याचा भगत, पहिला गेला. चौकटीपाशी थांबला, वाकून हात जोडले आणि चिंचोके नाल्यावर टाकले. त्याच्यामागून आलेल्या बायकांनी पदर सावरून चौकट ओलांडायची टाळली आणि चिंचोके कुणी खाचरावर, कुणी वळणावर टाकले. यशोदा बघत होती. आपण काय करून बसलो हे तिला तिथल्या तिथे कळलं. तिची पाळी आली तेव्हा मूठ चौकटीवर नेली, पण बोटं उघडेनात. आपणच बसवलेल्या देवावर आपणच चिंचोके फेकायचे? सुपरवायझरला फाडून खाणारी बाई, तिच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. दुसरं कुणीतरी बोलेल, आत्माराम तरी बोलेल, असं म्हणत तिने चिंचोके नाल्यावर टाकले आणि मागे सरली. आत्मारामला वाटलं, लिहिलं हिने, बोलेलही हीच.

महिन्याभराने निरोप आला. धबधब्याच्या वळणावरच्या बाटल्या उचलणार. कचेरीलाही तेच हवं होतं, कारण ती जागा रस्त्यावरून दिसते. घळीला पाड्याने एकही चिंचोका दिला नाही, म्हणजे पाड्याला तिची घाई नाही.

त्या दिवशी यशोदाने गाळ्यावर खाडा केला. नथूला बरोबर घेऊन वसईला सुमेधाच्या ऑफिसात गेली आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "मॅडम, चूक माजी हाय. मी तिथं देव लिवला. देवावर चिंचोका कोन टाकनार? आमच्या बायकांना वाटला, ती जागा तं मोजनीतच नाय."

सुमेधा गोरीमोरी झाली. "अहो ताई, मग तेव्हा का नाही बोललात?"

"तुमी चिंचोके मागितले. बोल कुटं मागितला?" यशोदा तडकली, आणि लगेच खाली बसली. "नाय. मीच बोलाया पायजे होता. माज्या नातीचे पाय सडतात आनि मी गप बसली."

सुमेधाने हे मनाला लावून घेतलं, तिला त्याबद्दल मानलं पाहिजे. कचेरीत खेटे घालून तिने तिथल्या जितेंद्र साहेबांना घळीपर्यंत आणलं. साहेब तरुण, माणूस सरळ. नाकाला रुमाल लावून घळीत उतरले, माती काठीने उकरून बघितली, आणि वर आले तेव्हा चेहरा उतरला होता. म्हणाले, "ही जागा आधी घेऊ. वळणाचं मी बघतो." पाड्यातल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. यशोदाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण एक आहे," साहेब म्हणाले. "नुसते ड्रम उचलून उपयोग नाही. खालची माती पण काढावी लागेल, चांगली कमरेएवढी. ती ह्या दगडाच्या खालपर्यंत गेलीय. दगड हलवावा लागेल. आणि माती काढली तरी झिरा लगेच सुधारेल असं मी सांगणार नाही. दोन-तीन पावसाळे जातील. तुमची संमती असेल तरच मशीन आणतो."

वाघोबा हलवायचा? त्यांच्या आज्या-पणज्यांनी तिथे दिवाळीत नारळ फोडले होते. सुमेधाने आत्मारामकडे बघितलं. म्हातारा दगडाकडे बघतच म्हणाला, "मना नका विचारू. पिठात हिनं बसवला, हिच्या नातीसाठी तुमी आले. आता हीच सांगंल."

केवढा बोजा टाकला म्हाताऱ्याने, बघा. रागाने नव्हे, हरल्यासारखा बोलला, म्हणून ते जास्त लागलं. हो म्हटलं तर देव उठवणारी बाई म्हणून पिढ्यान् पिढ्या नाव निघणार, लग्नघरी कोण बोलावणार? नाही म्हटलं तर रिद्धीचे पाय. नथूने तिच्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याआधी तो बोलला, "मी हाय तुज्यासंगं."

"हलवा," यशोदा म्हणाली. "पन मशीन लावू नका त्याला. आमी हातानं उचलू."

मशीन यायच्या आदल्या सकाळी सगळा पाडा घळीपाशी जमला. पुरुषांनी पहारी लावल्या. आत्माराम तोंडातल्या तोंडात पुटपुटत होता आणि यशोदा लांब उभी होती, कारण करंजपाड्यात बायका वाघोबाला हात लावत नाहीत. दगड कलला. आडवा झाला. खालची माती जांभळी होती, ओली, आणि तिचा वास असा आला की पहारी टाकून माणसं मागे सरली. दगडाचं बूड खाल्लं गेलं होतं. वरून शेंदूर तसाच लालभडक, खालून बोट लावलं की भुगा पडत होता.

यशोदाला रडू फुटलं. "आमी वरून शेंदूर लावत राह्यलो," ती म्हणाली, "आनि हा बी तेच पीत राह्यला."

आत्माराम दगडाशी उकिडवा बसला होता. त्याने मान वर केली. पाड्याकडे न बघता यशोदाकडे बघून म्हणाला, "बरा झाला तू हो म्हनलीस. आता नव्या जागेवर बसवायच्या आधी त्याला धुवा. पानी आना."

नथूने कळशी उचलली आणि झपाझपा झिऱ्याकडे निघाला. देव धुवायला पाणी नेहमी तिथलंच. झिऱ्याच्या काठावर गेला, वाकला आणि तसाच थांबला. तो रिकामी कळशी घेऊन परत आला.

यशोदा घरी गेली. रिद्धीसाठी सातिवलीहून विकत आणलेला पाण्याचा जार कोपऱ्यात होता, अर्ध्याच्या खाली आलेला. तो तिने कमरेवर घेतला, घळीपर्यंत आणला आणि आत्मारामच्या पुढ्यात ठेवला.

"एवढाच हाय," ती म्हणाली. "पोरीला थोडा ठेवा."