धुळीवर गुळाचा खडा

"तुम्ही काम काय करता?"

छातीच्या डॉक्टरांनी माझ्या स्कॅनची फिल्म उजेडावर धरली, बराच वेळ पाहिली आणि हा प्रश्न विचारला. आठ महिने मी खोकत होतो. तोवर तीन दवाखाने झाले होते. नाव, वय, पत्ता, विडी ओढता का, दारू घेता का, साखर आहे का, सगळ्यांनी सगळं विचारलं. धंदा कुणी विचारला नव्हता.

"फरशी, ग्रॅनाइट बसवतो. ठेकेदार आहे."

"दगड कापताना पाणी सोडता की कोरडा कापता?"

"कोरडाच."

"किती वर्षं?"

"बावीस."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मग हा टीबी नाही. हा सिलिकोसिस आहे."

सिलिकोसिस म्हणजे काय ते त्यांनी मला समजावलं, मी तुम्हाला सांगतो. दगड, वाळू, काँक्रीट, फरशी या सगळ्यांत सिलिका असते. कोरडं कापलं की तिची पूड उडते, पाणी सोडलं की चिखल होऊन खाली बसते. डोळ्यांना दिसते ती धूळ नाकात, घशात अडकते आणि खोकल्यावाटे बाहेर पडते. दिसत नाही इतकी बारीक असते ती फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. तिच्याभोवती गाठी धरतात, वण पडतात. वण पडलेलं फुफ्फुस फुगत नाही. म्हणून दम लागतो.

"बरं व्हायला किती दिवस?" मी विचारलं.

"झालेलं नुकसान भरून येत नाही."

मी घासाघीस करून मोठा झालेला माणूस. समोरचा पहिल्यांदा जास्तच सांगतो, हे मला पाठ. म्हणालो, "डॉक्टर, अगदीच असं नका बोलू. काहीतरी मधलं काढा की."

ते हसले नाहीत. "मधलं एकच आहे. आजपासून धूळ बंद. मग आहे तेवढं जपता येईल. धूळ चालू ठेवलीत तर मी काही बोलू शकत नाही."

बाहेर माझी बायको, सुमन, बाकावर बसली होती. तिनं माझं तोंड बघितलं आणि माझ्या हातातले कागद आपल्या पिशवीत ठेवले.

मी चंदगड तालुक्यातला. अठराव्या वर्षी एसटीनं कोल्हापुरात उतरलो. शाहूपुरीतल्या फरशीच्या दुकानात आधी माल उतरवला, मग कापायला शिकलो, मग बसवायला. पुढे स्वतःची टोळी केली. आज अकरा माणसं माझ्या हाताखाली आहेत. कुणाच्या मेहेरबानीनं काही झालेलं नाही, म्हणून कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही.

साइटवरच्या धोक्यांची मला अक्कल नव्हती असं समजू नका. नव्या इमारतीत पाय ठेवला की मी आधी तीन गोष्टी बघायचो: लिफ्टचा उघडा खड्डा, कठडा नसलेला जिना आणि सोललेली वायर. खड्ड्यावर फळ्या ठोकल्याशिवाय माझी माणसं त्या मजल्यावर जायची नाहीत. एकदा जोडवायरीला टेप नव्हती म्हणून मी अख्ख्या दिवसाचं काम बंद ठेवलं आणि इंजिनिअरशी रस्त्यावर भांडलो. बावीस वर्षांत माझ्या एकाही माणसाचं हाड मोडलं नाही, याचा मला माज होता.

माणूस पडतो ते दिसतं. करंट बसतो ते कळतं. धूळ मात्र झटकली की गेली, असं आम्ही सगळेच धरून चाललो.

आणि आमच्याकडे गूळ होता. कोल्हापूरचा गूळ. धुळीच्या कामावर संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की छातीतली धूळ निघून जाते, हे मला माझ्या मिस्त्रीनं सांगितलं, त्याला त्याच्या मिस्त्रीनं. फौंड्रीत खातात, सिमेंटच्या गोदामात खातात, आम्हीही खायचो. मी तर त्याच्या पुढं गेलो. कुठल्याही बिल्डरशी काम ठरवताना माझी अट असायची: माझ्या माणसांना रोज गूळ तुम्ही द्यायचा. बिल्डर कुरकुरायचे, मी टेबलावर हात आपटायचो आणि गूळ मिळवायचो. बाकीचे ठेकेदार म्हणायचे, माणसांची काळजी घ्यावी तर यानं.

डॉक्टरांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "गूळ पोटात जातो. धूळ फुफ्फुसात जाते. दोघांची भेटच होत नाही."

इतकं साधं आहे. जेवणाची नळी वेगळी, श्वासाची वेगळी. ठसका लागतो तेव्हा लहान मुलालाही कळतं. मला बावीस वर्षांत कळलं नाही. पाणी मागायच्या जागी मी गूळ मागत राहिलो आणि जिंकलो म्हणून घरी येत राहिलो. त्या बिल्डरांतला एकही इतका अडाणी नव्हता. त्यांना गूळ स्वस्तात पडत होता.

आजार कसा सुरू झाला ते सांगतो, कारण तुमच्यातल्या कुणाचा सुरू झाला असेल. आधी सकाळचा कोरडा खोकला. मग जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर थांबावंसं वाटणं. मी म्हणालो, वय झालं. मग वजन उतरलं, पँटला नवं भोक पाडावं लागलं. एक्सरेत दोन्ही बाजूंना वर डाग दिसले. थुंकी दोनदा तपासली, जंतू सापडले नाहीत. तरी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, सहा महिने. लघवी लाल व्हायची, तोंडाची चव गेली, खोकला होता तिथंच.

इथं मला खरं बोललं पाहिजे. सिलिकोसिस एक्सरेत टीबीसारखाच दिसू शकतो आणि सिलिकोसिसच्या माणसाला टीबी लवकर धरतो, हे मला नंतर कळलं. चूक होऊ शकते. पण "काम काय करता" एवढं विचारायला काय लागतं?

टीबीची बातमी साइटवर माझ्या आधी पोहोचली. ज्या ऑफिसची फरशी मी गुडघ्यावर बसून घातली होती, तिथल्या सुपरवायझरनं माझा चहा कागदी कपात दाराबाहेर पाठवला. "मिस्त्री, तुम्ही तिकडंच थांबा, हवेशीर हाय." तो कप मी त्याच्या दारात ओतला. आजही ती गोष्ट आठवली की कानशिलं तापतात. याच माणसाच्या कपाटात मास्कचं खोकं होतं. तपासणीला कुणी येणार असलं की मास्क आणि हेल्मेट वाटायचा, आम्हाला रांगेत उभं करून फोटो काढायचा आणि सगळं मोजून परत घ्यायचा. "घाण करू नका रे," म्हणायचा.

मोठ्या दवाखान्यात माझ्या दोन तपासण्या झाल्या. एचआरसीटी म्हणजे छातीचा बारीक कापांचा स्कॅन. आडवं झोपायचं, श्वास धरायचा. दुखत नाही. दुसरी पीएफटी, म्हणजे फुफ्फुसात किती हवा मावते आणि ती किती जोरात बाहेर येते ते मोजणं. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि ती मुलगी ओरडते, "फुंका, फुंका, अजून, अजून!" मी जन्मभर आवाजावर कामं मिळवली. त्या नळीत माझा आवाज संपला.

सगळ्यात वाईट गोष्ट तीच. मला रागावताही येईना. तिसऱ्या वाक्याला दम लागायचा आणि समोरचा माझी वाट बघत उभा राहायचा.

बायकोचाही एक्सरे काढायला लावला, कारण माझे कपडे बावीस वर्षं तीच झटकत होती. तिचा साफ निघाला. त्या दिवशी मी अंबाबाईला हात जोडले, बाकी कुणाला जोडावेसे वाटले नाहीत.

आता दत्तूची गोष्ट. दत्तू माझा मेहुणा, सुमनचा धाकटा भाऊ. पस्तिशीतला, दोन मुलींचा बाप. दहा वर्षं माझ्याबरोबर कापतोय. मी घरी बसलो आणि टोळी त्यानं सांभाळली. मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, पाणी लाव आणि सगळ्यांचे एक्सरे काढ.

"दाजी, तुमास्नी डॉक्टरनं भ्या घातलंय," तो म्हणाला. "मला काय झालंय का? बैलागत हाय मी."

"मी पण बैलच होतो."

"तुमी विड्या वडत होता. मी न्हाय. आन गूळ चुकवत न्हाय म्या."

महिनाभर तो "व्हय व्हय, लावतो पाणी" म्हणत राहिला. मग एका माणसानं मला फोन करून सांगितलं की नव्या साइटवर दत्तू स्वयंपाकघराचे ओटे खोलीतच कापतोय. कोरडे. तेही क्वार्ट्झचे. क्वार्ट्झ म्हणजे कारखान्यात बनवलेला दगड, त्यात सिलिका ग्रॅनाइटपेक्षाही खूप जास्त. डॉक्टरांनी त्याचं नाव घेऊन बजावलं होतं.

मी निघालो. इमारतीला अजून लिफ्ट नव्हती. तिसरा मजला. प्रत्येक वळणावर थांबलो, भिंतीला टेकलो. वर पोहोचलो तर दार बंद, खिडक्या बंद. खालच्या मजल्यावर माणसं राहायला आली होती, त्यांनी धुळीची तक्रार केली म्हणून सगळं बंद करून आत कापत होते. दार उघडलं तर आत पांढरं धुकं. दत्तूच्या तोंडाला रुमाल. सुती रुमालातून ही धूळ गाळली जात नाही, चाळणीत पाणी धरल्यासारखं आहे ते.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि खोकलाच आला. पाच मिनिटं नुसता खोकलो. त्यांनी मशीन बंद केलं ते माझ्या शब्दानं नाही, माझ्या खोकल्यानं.

"दाजी, कशाला आलासा? पाणी लावलं असतं, पण मालकीणबाई म्हणल्या, चिखल नको. आन तुमीच शिकवलंय की. कोरडं कापून देतो म्हणलं की काम आपल्याला मिळतंय."

खरं होतं. ती माझीच युक्ती होती. दुसरे चिखल करतात, मी करत नाही, या एका वाक्यावर मी कित्येक कामं ओढली होती.

माझ्या पिशवीत दवाखान्यातून दिलेलं श्वासाच्या व्यायामाचं यंत्र होतं. प्लॅस्टिकचं, तीन नळ्या, प्रत्येकीत एक चेंडू. नळीतून श्वास ओढला की चेंडू वर जातात. माझा एकच जातो, फार तर दुसरा हलतो. मी ते दत्तूपुढे धरलं.

"सौदा करू. तिन्ही चेंडू वर धरलेस तर मी खाली जातो आणि परत तोंड उघडत नाही. नाही जमलं तर मशीन बंद, आणि उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात."

माणसं हसली. "हाण दत्तूभाऊ!" कुणीतरी म्हणालं.

दत्तूनं रुमाल खाली ओढला. चेहरा पिठाच्या गिरणीत पडल्यासारखा पांढरा, फक्त तोंडाजवळ कातडी दिसत होती. त्यानं ओढलं. पहिला चेंडू गेला, दुसरा गेला. तिसरा थरथरला आणि खाली बसला.

"नळी नीट धरली न्हाई," तो म्हणाला. परत ओढलं. मग परत. चौथ्या वेळी कुणी हसत नव्हतं. त्यानं यंत्र माझ्या हातात दिलं आणि जाऊन प्लग काढला.

हे यंत्र म्हणजे तपासणी नव्हे, डॉक्टरांनी मला नंतर त्यावरून झापलं. चेंडू वर जाणाऱ्याचाही एक्सरे खराब असू शकतो. पण दत्तूला दवाखान्यापर्यंत न्यायला मला दुसरं काही सुचलं नाही.

त्याच्या फुफ्फुसात सुरुवातीचे डाग निघाले. डॉक्टर त्याला म्हणाले, "खात्री देत नाही. पण तुझे दाजी माझ्याकडे फार उशिरा आले. तू त्या मानानं लवकर आलास." बाहेर आल्यावर तो बाकावर बसला. मग म्हणाला, "दाजी, ताईला सांगू नगासा." मी त्याच संध्याकाळी सांगितलं. लपवून ठेवायचे दिवस संपले.

आता आमच्या कामाच्या अटी बदलल्या आहेत. कापायचं ते पाणी सोडूनच, आणि खोलीत नाही, खाली मोकळ्यावर. पाण्यात करंटची भीती खरी आहे, तिच्यामुळेच पुष्कळ जण कोरडं कापतात. म्हणून मशीनच्या लाइनला गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी स्विच बसवल्याशिवाय आम्ही सुरूच करत नाही. पाण्याबरोबर एन-९५ मास्क, चेहऱ्याला घट्ट बसणारा, आणि तो माणसाकडेच राहणार, फोटोनंतर परत जाणार नाही. कोरडा झाडू नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. धुळीचे कपडे साइटवरच बदलायचे. आणि तुम्ही कुठल्याही डॉक्टरकडे खोकला घेऊन गेलात तर तो विचारो न विचारो, आधी आपला धंदा सांगा.

त्या डॉक्टरांचे उपकार मी मानतो. औषधांपेक्षा त्या एका प्रश्नाचे जास्त.

परवा तोच कागदी कपवाला सुपरवायझर नव्या कामाचं बोलायला आला. मी त्याला खुर्ची दिली, चहा काचेच्या ग्लासात दिला. अटी वाचून म्हणाला, "मिस्त्री, गूळ हवा तेवढा घ्या. पण पाण्याचं सोडा. चिखल होतोय."

"चिखल पुसता येतो," मी म्हणालो. या अटीवर मी एक पाऊलही मागे आलो नाही, आणि काम हातचं गेलं. दत्तू शेजारी बसला होता. तो ग्लास गोळा करून आत घेऊन गेला.

गूळ मी अजून खातो. गोड लागतो म्हणून.